पाठीवरची पखाल : धावपटू स्त्रिया, पाणी आणि एका जाकिटाचा इतिहास

१/ दूरपल्ल्याच्या धावण्यासाठी स्त्रियांचे 'हायड्रेशन वेस्ट' निवडताना काही प्रश्न हमखास पडतात. पाण्याची पिशवी पाठीवर असावी की बाटल्या पुढे असाव्यात? पट्टा छातीच्या वर बांधावा की खाली? पाणी किती न्यावे? प्रश्न खरेदीचे दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्या मुळाशी शंभराहून अधिक वर्षांचा वाद आहे. त्या वादाचा हा थ्रेड.

२/ अंगावर पाणी वाहून नेण्याची कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. कातडी पखाल रेड्याच्या पाठीवर लादून घरोघर पाणी पोचवणारा पखालजी नळ येण्यापूर्वीच्या गावांत आणि छावण्यांत सर्वांच्या परिचयाचा होता. त्याच्या धंद्यातून मराठीला एक म्हण मिळाली : आजार रेड्याला आणि औषध पखालीला. पुढील इतिहास वाचताना ही म्हण ध्यानात असू द्यावी.

३/ योगायोग असा की, १८९६ साली अथेन्समध्ये झालेल्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचा विजेता स्पिरिडॉन लुईस हा पाणी वाहून नेण्याचे काम करणारा होता. त्याच स्पर्धेत धावू इच्छिणाऱ्या स्टॅमाटा रेव्हिथी या गरीब ग्रीक स्त्रीला प्रवेश नाकारण्यात आला. ती दुसऱ्या दिवशी एकटी मॅरेथॉन गावाहून निघाली आणि सुमारे साडेपाच तासांत अथेन्सला पोहोचली. मैदानात मात्र तिला पाऊल ठेवू दिले गेले नाही.

४/ त्या काळी पाण्याविषयीची समजूतही विचित्र होती. धावताना पाणी पिणे हे दुबळेपणाचे लक्षण मानले जाई. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये रणरणत्या उन्हात आणि धुळीच्या रस्त्यावर मॅरेथॉन झाली. वाटेत पाणी मिळण्याची ठिकाणे होती केवळ दोन. ३२ धावपटू निघाले, १४ पोहोचले. विजेत्या थॉमस हिक्सला पाण्याऐवजी ब्रँडी आणि स्ट्रिक्नीन देऊन पुढे ढकलण्यात आले होते.

५/ १९०८ साली लंडनमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री अंतिम रेषेजवळ वारंवार कोसळला. त्याला हात देऊन उठवल्यामुळे तो बाद ठरला; तरीही राणी अलेक्झांड्राने त्याला चषक भेट दिला आणि तो जगभर वीर म्हणून गाजला. १९५४ साली व्हँकूव्हरला जिम पीटर्स मैदानात सर्वांच्या पुढे आला आणि पुन:पुन्हा कोसळून शर्यत पुरी करू शकला नाही. या दोन्ही प्रसंगांनंतर पुरुषांची मॅरेथॉन बंद करावी, असे कोणी ठरवले नाही.

६/ आता १९२८ चे अ‍ॅम्स्टरडॅम पाहा. स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच झाली. जर्मनीची लिना राडके, जपानची हितोमी किनुए आणि स्वीडनची इंगा गेंट्सेल या तिघींनीही जुना विश्वविक्रम मोडला. अंतिम फेरीत नऊ जणी होत्या आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. वृत्तपत्रांनी मात्र निम्म्या मुली वाटेत कोसळल्याची वर्णने छापली. परिणाम : १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी ८०० मीटरची शर्यत झालीच नाही.

७/ थकवा कोणालाही येतो. पुरुषाच्या थकव्याला पराक्रम म्हटले गेले आणि स्त्रीच्या थकव्याला अपात्रतेचा पुरावा. बत्तीस वर्षांची ही बंदी म्हणजे पखालीला पाजलेले औषध होते.

८/ १९६६ साली बॉबी गिब हिने बॉस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज केला. स्त्रियांचे शरीर या अंतरास समर्थ नाही, असे उत्तर आले. ती प्रारंभरेषेजवळच्या झुडपांत लपली आणि शर्यत सुटताच गर्दीत मिसळली. वेळ : ३ तास २१ मिनिटे ४० सेकंद. सुमारे दोन तृतीयांश पुरुष तिच्या मागे होते. तिच्या अंगावर होती भावाची बर्म्युडा पँट आणि पायांत मुलांचे बूट, कारण स्त्रियांसाठी धावण्याचे बूट बाजारात नव्हतेच.

९/ १९६७ मध्ये कॅथरीन स्विट्झरला धावतानाच ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न झाला; ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. बॉस्टनने १९७२ मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेच्या सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीने १९७५ मध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला. ऑलिंपिकमधील स्त्रियांची पहिली मॅरेथॉन १९८४ ची. लॉस एंजेलिसमध्ये जोन बेनॉइटने ती २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. दार उघडले होते. कपड्यांचा प्रश्न उरला होता.

१०/ त्याचे उत्तर १९७७ साली व्हर्मांटमधील बर्लिंग्टन येथे मिळाले. लिसा लिंडाल, वेषभूषाकार पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा जॉकस्ट्रॅप एकत्र शिवून पहिली 'जॉगब्रा' तयार केली. १९७९ मध्ये तिला पेटंट मिळाले. तिघी स्वतः तो प्रश्न अंगावर वागवत होत्या, म्हणूनच तो सुटला.

११/ पखालीचा नवा अवतार दशकभराने टेक्सासमध्ये जन्मला. विचिटा फॉल्स येथे ऑगस्टच्या उष्म्यात शंभर मैलांची सायकल शर्यत होते. रुग्णवाहिका सेवेत काम करणाऱ्या मायकेल आयडसन याने सलाईनची पिशवी लांब मोज्यात घातली, जर्सीच्या पाठीला अडकवली आणि नळी खांद्यावरून तोंडाशी आणली. नळी बंद करायला कपडे वाळत घालण्याचा चिमटा. यातूनच १९८९ च्या सुमारास 'कॅमलबॅक' उभी राहिली.

१२/ सायकलस्वार वाकून बसतो, त्याची पाठ स्थिर असते, धावणाऱ्याची नसते. म्हणून डोंगरी धावकांसाठी पिशवीचे जाकीट झाले : अंगासरशी बसणारे, पुढे मऊ बाटल्यांचे खिसे असलेले. हे जाकीट मात्र सपाट छातीच्या मापावर बेतले गेले. स्त्रियांसाठी तेच आखूड करून वेगळ्या रंगात विकण्याची रीत बरीच वर्षे चालली. पुढे २०१० च्या दशकात धावपटू स्त्रियांना सोबत घेऊन स्वतंत्र आराखडे होऊ लागले.

१३/ फरक नेमका कुठे पडतो? पोर्ट्स्मथ विद्यापीठात जोआना स्कर यांच्या गटाने दाखवले की, धावताना स्तनांची हालचाल वर-खाली, आत-बाहेर आणि पुढे-मागे अशी तिन्ही दिशांनी होते. अशा हलत्या भागावर अर्ध्या लिटरची, म्हणजे अर्ध्या किलोची भरलेली बाटली ठेवली, तर ती दाबते, हिंदकळते आणि काही तासांत कातडी सोलते. पट्टा नेमका छातीच्या मध्यावर आला, तर श्वासही कोंडतो.

१४/ म्हणून निवडताना माप घ्यावे ते धावण्याची ब्रा घालून, छातीच्या सर्वांत भरलेल्या भागाभोवती. पट्टे दोन असावेत, एक स्तनांच्या वर आणि एक खाली, आणि ते सरकवता यावेत. बाटल्या उंच व निमुळत्या असाव्यात किंवा त्यांचे खिसे फासळ्यांच्या बाजूला असावेत. पुढचा भार मुळीच सोसत नसेल तर पाठीवरची पिशवी बरी. तीत पाणी भरल्यावर हवा पूर्ण काढून टाकावी, म्हणजे आवाज आणि हिंदकळणे थांबते. रिकाम्या जाकिटाची परीक्षा व्यर्थ होय. ते भरून, धावून पाहावे.

१५/ आणि पाणी किती? इथे इतिहासाने दुसरे टोक गाठले. पाणी वर्ज्य मानणारे जग १९७० नंतर 'जितके जास्त तितके चांगले' म्हणू लागले. १९८१ च्या कॉम्रेड्स शर्यतीत एक धावपटू स्त्री अतिपाण्याने रक्तातील सोडियम घटून बेशुद्ध पडली. टिमथी नोक्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये एका २८ वर्षांच्या तरुणीचा याच कारणाने मृत्यू झाला.

१६/ त्याच शर्यतीतील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले. १३ टक्क्यांत सोडियम कमी आढळले. स्त्रियांत हे प्रमाण २२ टक्के, पुरुषांत ८ टक्के. यावरून पुन्हा 'स्त्रीदेह दुर्बल' असा निष्कर्ष काढणे सोपे होते. पण संशोधकांनी बारकाईने पाहिले तेव्हा खरी कारणे वेगळी निघाली : शर्यतीत वाढलेले वजन, चार तासांहून अधिक वेळ आणि शरीराचा आकार. लहान चणीची, सावकाश धावणारी व्यक्ती मोठ्या शरीराच्या हिशेबाने पाणी पीत राहिली, तर धोका तिला अधिक. मग ती स्त्री असो वा पुरुष. या वेळी रेडा तपासला गेला होता.

१७/ म्हणून आज सल्ला दिला जातो तो तहानेनुसार पिण्याचा. जाकिटाची क्षमता पाणवठ्यांमधील अंतर आणि ऊन पाहून ठरवावी. आल्प्समधील यूटीएमबी शर्यतीत किमान एक लिटर पाणी नेण्याची सोय सक्तीची असते. सिंहगड-राजगड-तोरण्याच्या डोंगरधारेवर पाणवठे दूर असतील, तर दीड लिटर लागेल. शहरातल्या रस्त्यावर कदाचित एक बाटली पुरेल. जाकिटात मावते म्हणून ते प्यायलाच हवे, असे नाही.

१८/ २०१९ मध्ये जास्मिन पॅरिसने २६८ मैलांची स्पाइन रेस स्त्री-पुरुष सर्वांना मागे टाकून जिंकली. वाटेतल्या थांब्यांवर ती तान्ह्या मुलीसाठी दूध काढून ठेवत होती. २०२४ मध्ये बार्कले मॅरेथॉन्स पूर्ण करणारी ती पहिली स्त्री ठरली. साठ तासांच्या मुदतीतले ९९ सेकंद उरले होते. स्टॅमाटा रेव्हिथीपासून तिच्यापर्यंत स्त्रीचे शरीर तेच आहे. बदलले ते त्याचे माप घेणारे हात. जाकीट निवडताना तो टेप स्वतःच्या हातात घ्यावा.