पाच लेकरं, एक बाई

उंद्रीत ‘पाळणाघर’ हा शब्द मी कधी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. चिखली तालुक्यातलं हे गाव माझं आजोळ. सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा यांच्यावर तिथलं वर्ष चालतं. निंदणाचे दिवस आले की सकाळीच गल्ल्या रिकाम्या होतात, आणि सोयाबीन सोंगणीला आलं की म्हाताऱ्यांशिवाय घरी कुणी सापडत नाही. लेकरं मात्र कुणाकडे तरी असतातच. ‘आजीपाशी ठेवलं’ असं म्हणतात, आणि ती आजी सख्खी असतेच असं नाही. जिचे गुडघे गेले, वावरात जाणं सुटलं, तिची ओसरी गल्लीतल्या लेकरांची होते. मोबदला पूर्वी पायलीभर ज्वारी किंवा दिवाळीचं लुगडं असे, आता हातावर नोट ठेवतात. किती लेकरं सांभाळायची याला नियम नाही. ओसरी भरली की आजी म्हणते, आता नको.

एका बाईनं किती मुलं सांभाळावीत, हा प्रश्न सरकारदरबारी कधी आला आणि त्याचं उत्तर कसं बदलत गेलं, हे शोधायला मी बसलो, तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. आपल्या कायद्यानं फार वर्षं मुलं मोजलीच नाहीत. त्यानं बायका मोजल्या.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करावी लागते. गिरणीत जाणारी बाई तान्ह्या पोराला चाळीत ठेवून जाई, आणि ते रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी देई. ही काही चोरूनमारून करायची गोष्ट नव्हती. 1920च्या दशकात डॉक्टर आणि गिरण्यांची पाहणी करणारे त्याबद्दल उघड लिहीत होते. बाळगोळी हीच त्या काळची दाई होती, आणि ती कितीही मुलं सांभाळू शके. पुढे 1934च्या कारखाना कायद्यानं प्रांतिक सरकारांना मुभा दिली की पन्नासहून अधिक बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवायला लावावी. स्वातंत्र्यानंतर 1948च्या कारखाना कायद्याच्या कलम 48नं ही मुभा देशभराची सक्ती केली. आकडा तोच, पन्नासहून अधिक बायका. 1976 साली दुरुस्ती होऊन पन्नासचे तीस झाले.

कागदावर ही प्रगतीच. पण तिची दुसरी बाजू कुठल्याही मुकादमाला कळण्यासारखी होती. तीसच्या वर बायका झाल्या की पाळणाघर काढा, दूध द्या, सांभाळणारी नेमा. मग तिसाच्या आत थांबणं सोपं. मुलांची सोय करायला निघालेला आकडा आईलाच दाराबाहेर ठेवू शकत होता. आणि मुलं पाच असोत की पंचवीस, ती सांभाळणारी बाई किती जणींचं काम करते याबद्दल या कलमात काही नव्हतं. प्रशिक्षित बाई असावी, एवढंच.

मुलाकडून विचार सुरू करणारी माणसं वेगळ्या वाटेनं आली. ताराबाई मोडक मुंबईच्या, लग्नानंतर अमरावतीत, म्हणजे आमच्या वऱ्हाडातच राहिलेल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. 1945 साली त्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि 1957 साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे वारली मुलांची शाळा काढताना त्यांना जे दिसलं ते उंद्रीतही दिसलं असतं. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ आहे. गावातलं पाळणाघर म्हणजे तीच मुलगी. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवायची, म्हणजे भाऊ पाळण्यात आणि बहीण वर्गात, अशी त्यांची विकासवाडी होती. शाळेच्या पटाचा आकडा पाळण्याशी जोडणारं इतकं सरळ उत्तर मला नंतरच्या कुठल्याही सरकारी योजनेत सापडलं नाही. अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. पाळणा मात्र मागे राहिला.

कारण 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिचा हिशेब लोकसंख्येचा होता. हजार वस्तीमागे एक अंगणवाडी, आदिवासी भागात सातशेमागे. सेविकेला महिना 100 रुपये, मॅट्रिक असेल तर 150. या पैशाला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. पुढे निकष चारशे ते आठशे वस्तीवर आले, आणि 13 डिसेंबर 2006च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जिथे सहा वर्षांखालची चाळीस मुलं आहेत त्या वस्तीनं मागितली तर अंगणवाडी द्यावीच लागेल. चाळीस मुलं आणि त्यांच्यापुढे एक सेविका, एक मदतनीस. पण अंगणवाडी दुपारी सुटते आणि निंदणारी बाई संध्याकाळी येते. मधले तास परत आजीच्या ओसरीवरच.

गावातल्या मजूर बाईसाठी या सगळ्यात एकच नियम असा आहे जो मुलं मोजतो आणि मोजल्यावर पैसेही देतो. तो रोजगार हमीतला. 1972च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलावांच्या मातीकामाला गेली, त्यात बायका प्रचंड होत्या आणि लेकरं झोळीत किंवा ढिगाऱ्याच्या सावलीत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ती योजना 1977च्या कायद्यात उतरली. तिचंच तत्त्व 2005च्या केंद्रीय कायद्यानं उचललं, आणि त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत हे लिहिलं गेलं की कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमावं आणि तिला मजुरीचा दर द्यावा. नंतरच्या सुधारित अनुसूचीत सहाचं पाच वर्षं झालं.

हा नियम मला फार आवडतो, हे कबूल करतो. पोर सांभाळणं म्हणजे माती खोदण्याइतकंच काम, असं इतक्या कमी शब्दांत आपल्या कायद्यानं दुसरीकडे म्हटलेलं नाही. शिक्षणाची अट नाही, इमारतीची नाही. पण पाच हा आकडा भरतो कसा? कामावर सावली नाही, पाणी लांब, म्हणून बायका लेकरं आणत नाहीत. लेकरं आली नाहीत म्हणून पाच भरत नाहीत. पाच भरले नाहीत म्हणून बाई नेमायची नाही आणि सावलीची घाईही नाही. कागदाप्रमाणे नियम कुणी मोडलेला नसतो. दरम्यान गावात ओसरीवर सात लेकरं घेऊन बसलेल्या म्हातारीचं नाव मस्टरवर येत नाही, कारण तिची मुलं ‘सोबत आलेली’ नाहीत. मुलं तीच, आया त्याच, फक्त दोन किलोमीटरचं अंतर.

आणखी एक बारकावा. नेमलेल्या बाईचं स्वतःचं लेकरू त्या पाचांत धरायचं की नाही? आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडलेला मला दिसला नाही. इंग्लंडमध्ये मात्र घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईला आठ वर्षांखालची सहाच ठेवता येतात, त्यात एरवी पाच वर्षांखालची तीन, आणि या मोजणीत तिची स्वतःची मुलंही येतात. म्हणजे तिला मूल झालं की एक गिऱ्हाईक कमी. तिथे 2013 साली मंत्री लिझ ट्रस यांनी पाळणाघरांतली ही प्रमाणं सैल करायचा प्रस्ताव आणला, तो विरोधामुळे बारगळला. सप्टेंबर 2023पासून दोन वर्षांच्या मुलांसाठी एका कर्मचाऱ्यामागे चाराऐवजी पाच मुलं चालतील असं ठरलं. स्वस्त होईल हा युक्तिवाद, आणि एका माणसाला दोनच हात असतात हा प्रतिवाद. दोन्ही खरे आहेत.

आपल्याकडे हा वाद गावात नाही, शहरात यायला हवा होता. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या बायकांची दोन पिढ्यांची नोकरी सोसायटीतल्या एखाद्या काकूंच्या दोन खोल्यांवर उभी राहिली. त्या खोल्यांकडे कायद्यानं पाहिलं नाही. नोव्हेंबर 2016मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, तेव्हा एकदम सगळ्यांना नियम हवे झाले. केंद्राच्या 2013च्या बालसंगोपन धोरणात आकडे तयार होते. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस, तीन ते सहाच्या वीस मुलांमागे एक. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे.

आकडा सक्तीचा झाला तर काय होतं, ते काकूंच्या वहीत बघायचं. समजा त्यांच्याकडे 12 मुलं आहेत, दरमहा अडीच हजार. आले 30,000. मदतीला मुलगी ठेवली तिचे 8,000, दूध-खिचडी-विजेचे 7,000. उरले 15,000. उद्या नियम म्हणाला, मुलं सहाच आणि मदतनीस हवीच. आले 15,000, मदतनीस 8,000, खर्च 4,000, उरले 3,000. एवढ्यासाठी कोण दिवसभर मुलं ठेवेल? पंधरा हजार टिकवायचे तर फी साडेचार हजार करावी लागते. ती बँकेतल्या बाईला जड जाईल पण देता येईल. दुकानात दहा-बारा हजारांवर उभी राहणारी बाई मूल उचलून कुठल्यातरी तिसऱ्या घरी ठेवेल, जिथे कुणीच मोजत नाही. म्हणून मी प्रमाणाच्या विरोधात नाही. दहा रांगती मुलं आणि एक बाई हे मला धोक्याचंच वाटतं. पण बारातून सहा वजा केल्यावर जो खड्डा पडतो तो कोण भरणार, हे नियमात नसेल तर तो नियम काकूंना दंड आहे.

सरकारनं स्वतः चालवलेल्या पाळणाघरांत तो खड्डा कसा भरला ते पाहण्यासारखं आहे. 2006च्या राजीव गांधी पाळणाघर योजनेत 25 मुलांमागे दोन सेविका होत्या, प्रत्येकी हजार रुपये. 2017मध्ये योजना बदलली. मुलं 25च, पण आता एक सेविका तीन हजारांवर आणि एक मदतनीस दीड हजारांवर, रोज साडेसात तास, महिन्याला 26 दिवस. मुलं कमी झाली नाहीत, हात वाढले नाहीत, फक्त दोन सारख्यांपैकी एक धाकटी झाली. खर्चातला केंद्राचा वाटा नव्वद टक्क्यांवरून साठवर आला, राज्यानं आणि संस्थांनी उरलेलं घालायचं होतं. देशात वीस हजारांच्या वर असलेली ही पाळणाघरं 2020पर्यंत सात हजारांच्या खाली आली. प्रमाण कुठेही बिघडलं नाही, कारण बंद पाळणाघरात प्रमाण नसतं.

आता दोन नव्या गोष्टी घडल्या आहेत. 21 नोव्हेंबर 2025पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. पाळणाघरासाठी तीस बायकांची जुनी मोजणी जाऊन पन्नासहून अधिक कामगारांची आली, बाई असो की पुरुष. बापाला मोजणीत घ्यायला कायद्याला अनेक दशकं लागली. उंद्रीच्या सोयाबीनच्या वावरात मात्र एका मालकाकडे एका वेळी पन्नास माणसं कधीच नसतात. दुसरी गोष्ट 2022ची ‘पाळणा’ योजना. तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं आहे, म्हणजे कोसबाडची जुनी मांडणी अर्धीअधिक परत. मुलं पुन्हा 25. सेविकेला शिक्षणाची अट आहे. ज्या बाईनं आजवर गल्लीतली पोरं वाढवली तिला त्या जागेसाठी अर्ज करता येणार नाही. तिची सून बारावी झालेली असेल तर करेल, आणि मग तिचं तान्हं पंचविसांत धरायचं की सव्विसावं, हे तिला तालुक्याला जाऊन विचारावं लागेल.