बिजागरी, बोल्ट आणि पृथ्वीचा आस

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण करते. त्यामुळे आकाश आपल्याला दर सेकंदाला १५ विकला, म्हणजे एका अंशाच्या २४०व्या भागाइतकं, सरकताना दिसतं. नुसत्या डोळ्यांना हे जाणवत नाही, पण दुर्बिणीला जाणवतं. दीडशे पट वर्धन असेल आणि तिच्यातून २० कलांचं आकाश दिसत असेल, तर शनी एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत ८० सेकंदांत पोचतो. रांगेतल्या माणसाला 'या, बघा' म्हणेपर्यंत तो निघून गेलेला असतो. कॅमेऱ्याची पंचाईत याहून मोठी. ५० मिमीची लेन्स लावून शटर सात-आठ सेकंद उघडं ठेवलं की ताऱ्याचा ठिपका जाऊन तिथे रेघ दिसू लागते.

यावरचा तोडगा दुर्बिणीपेक्षाही जुना आहे. आकाश एकाच आसाभोवती फिरताना दिसतं. मग आपल्या उपकरणाचा एक आस त्या आसाला समांतर ठेवायचा. तसं केलं की एकाच दिशेची, एकाच वेगाची गती पुरते. वर-खाली, डावीकडे-उजवीकडे अशी दुहेरी कसरत करावी लागत नाही. जयपूरच्या जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र ज्यांनी पाहिलंय त्यांनी हा आस दगडात बांधलेला पाहिला आहे. सवाई जयसिंगांनी १७३०च्या दशकात उभारलेल्या त्या २७ मीटर उंच भिंतीची तिरकी कड म्हणजे पृथ्वीच्या आसाला समांतर रेषा. म्हणूनच तिची सावली दोन्ही बाजूंच्या चापांवर एकसारख्या गतीने सरकते, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर.

सावली आपोआप सरकते, दुर्बीण मात्र फिरवावी लागते. १८२४ साली योसेफ फ्राउनहोफरने बनवलेली दुर्बीण डोर्पाटला (आजच्या एस्टोनियातल्या तार्तूला) पोचली, तेव्हा तिच्या तिरक्या आसाला घड्याळासारखं यंत्र जोडलेलं होतं. तिची २४ सेंटिमीटरची भिंग आकाशाबरोबर चालत राहायची. फ्रीडरिश श्ट्रूव्हने तिच्यातून सुमारे १,२०,००० तारे तपासले आणि १८२७ साली ३,११२ जोडताऱ्यांची यादी छापली. माग काढण्याचं काम यंत्राकडे गेल्यामुळे माणूस फक्त बघायला मोकळा झाला, हे त्या यादीमागचं एक मोठं कारण.

पण असं यंत्र म्हणजे सरकारी किंवा दरबारी खर्चाचं काम. पुण्याचंच उदाहरण बघा. १८८०च्या दशकात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी कॉलेज ऑफ सायन्समध्ये (नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात) वेधशाळा उभी केली. त्यासाठी भावनगरच्या महाराजांची देणगी लागली, म्हणून तिला महाराजा तख्तसिंगजी यांचं नाव मिळालं. २० इंची परावर्तक दुर्बीण आली ती डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. माणसाबरोबर संस्था आणि संस्थेबरोबर आकाश, असा तो मामला होता.

हौशी माणसाच्या हाती ही गोष्ट खऱ्या अर्थाने आली ती एप्रिल १९७५मध्ये. 'स्काय अँड टेलिस्कोप' या अमेरिकी मासिकात जॉर्ज हेग यांनी एक साधन प्रसिद्ध केलं. त्याला कुणी हेग माउंट म्हणतं, कुणी स्कॉच माउंट; आणि कोठाराच्या दारासारखं दिसतं म्हणून 'बार्न डोअर' हे नाव जास्त रुळलं. दोन फळ्या आणि त्यांना जोडणारी एक बिजागरी. बिजागरीची दांडी ध्रुवाकडे रोखायची, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा आणि खालच्या फळीतून एक बोल्ट वर चढवत न्यायचा. बोल्ट फिरतो तशी फळी उघडत जाते. बस्स.

यातली हुशारी अंतरात आहे. आपल्याकडे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या ६ मिमी जाडीच्या साध्या बोल्टचे आटे एक मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे एका फेऱ्यात तो एक मिलिमीटर पुढे जातो. मिनिटाला एक फेरा द्यायचा असेल, तर हा बोल्ट बिजागरीपासून २२८.५ मिमीवर बसवायचा. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ १,४३६ मिमी भरतो, आणि पृथ्वीच्या एका फेरीची मिनिटंही तेवढीच आहेत. मोटर नसेल तर हातघड्याळ समोर ठेवायचं आणि सेकंदकाटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर गेला की बोल्टही तेवढाच फिरवायचा. पाच सेकंदांत आकाश ७५ विकला सरकतं. त्या काळच्या फिल्मवर ताऱ्याचा ठिपका ०.०२५ मिमीपर्यंत पसरला तरी चालत असे. ५० मिमीच्या लेन्सला ही सूट सुमारे १०३ विकलांची पडते. म्हणजे हाताने दिलेले झटके त्या सुटीत बसतात.

सरळ बोल्ट गोल फिरणाऱ्या फळीला ढकलतो यात अर्थातच एक चूक दडलेली आहे. कोन वाढत जातो तशी फळी आकाशाच्या मागे पडते. खालच्या फळीला काटकोनात घट्ट बसवलेल्या बोल्टने दहा मिनिटांत साधारण ६ विकलांचा फरक पडतो, वीस मिनिटांत ४६ विकलांचा. वेळ दुप्पट, चूक आठपट. तोच बोल्ट दोन्ही फळ्यांशी सारखा कोन करेल अशा बेताने दोन्हीकडे थोडा कलू दिला, तर चूक आठव्या हिश्श्यावर येते. आज स्टेपर मोटर आणि एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर लावून कोनाप्रमाणे वेग बदलत नेला की उरलेलीही जाते. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे साहजिकच ते चार ओळींचं गणित मला आवडतं. पण हेग यांच्या आराखड्यातली मला भावलेली गोष्ट अशी, की त्यात चूक शून्यावर आणण्याचा हट्टच नाही. किती चूक चालेल ते आधी ठरवायचं आणि तेवढ्याच अचूकतेचे पैसे मोजायचे. स्वस्तपणा येतो तो या हिशेबातून.

मात्र हे झालं कॅमेऱ्याचं. मोठ्या दुर्बिणीचं वजन दोन फळ्यांना पेलत नाही, आणि नेमक्या त्याच काळात हौशी लोकांच्या दुर्बिणी मोठ्या होत चालल्या होत्या. त्याचं श्रेय जॉन डॉब्सन यांचं. १९१५ साली बीजिंगला जन्मलेला हा माणूस २३ वर्षं कॅलिफोर्नियातल्या रामकृष्ण संप्रदायाच्या वेदान्त मठात संन्यासी होता. तिथे त्यांनी जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे बनवायला सुरुवात केली. १९६७ साली मठ सुटला आणि पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत 'साइडवॉक अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स' हा गट उभा राहिला. काँक्रीटचे खांब ओतायला लागते ती पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची पेटी, आणि पेटी सहज सरकावी म्हणून सनमायकासारख्या पत्र्यावर टेफ्लॉनचे तुकडे. भर रस्त्यात दुर्बीण लावायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवायचा. त्यांनी आराखड्याचं पेटंट घेतलं नाही. मोठा आरसा परवडावा म्हणून त्यांनी आकाशाचा माग काढणारी यंत्रणाच वगळली. वर-खाली आणि गोल, दोन्ही हालचाली हाताने.

वगळलेली ती गोष्ट परत आणली फ्रान्सच्या आद्रियाँ पॉन्से यांनी. त्यांनी दुर्बिणीला हातच लावला नाही, तिच्याखाली एक हलणारा पाट सरकवला. त्यांचा लेख त्याच मासिकात जानेवारी १९७७मध्ये आला. प्लायवूडचा पाट, एका टोकाला टेकू म्हणून खिळा, दुसऱ्या टोकाला विषुववृत्ताच्या प्रतलाइतकी कललेली गुळगुळीत फळी, आणि तिच्यावरून घसरणारे दोन पाय. पाय कसले, तर फिल्मच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्या. या पाटावर ६ इंची दुर्बीण आकाशाबरोबर कलत जायची. असे पाट तासाभरात साधारण १५ अंश कलतात, मग उलट फिरवून पुन्हा सुरू करायचे. पुढे अ‍ॅलन जी यांनी घसरत्या फळीऐवजी वृत्तचितीचा आणि जॉर्ज दोत्यूम यांनी शंकूचा भाग वापरून ही कल्पना जास्त जड दुर्बिणींपर्यंत नेली.

हे आराखडे जसेच्या तसे पुण्या-मुंबईत उतरवायला गेलं की भूगोल आडवा येतो. ध्रुव जमिनीपासून किती उंच दिसतो ते अक्षांशावर ठरतं. ४५ अक्षांशावर पॉन्से यांची फळी ४५ अंश कललेली असते. पुणे १८.५ अक्षांशावर आहे, त्यामुळे इथे तीच फळी ७१.५ अंशांवर, जवळजवळ भिंतीसारखी उभी राहते. दुर्बिणीचं वजन फळीवर नीट टेकत नाही, खाली घसरू पाहतं, आणि ती घसरण थोपवण्याचा ताण बिचाऱ्या खिळ्यावर येतो. त्यामुळे डब्यांच्या जागी बेअरिंग आणि खिळ्याच्या जागी भक्कम टेकू लागतो.

ध्रुवताराही आपल्याकडे १८.५ अंशांवरच असतो. डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत त्याचा प्रकाश तिप्पट हवेतून येतो, आणि शहरात बहुधा शेजारच्या इमारतीमागे अडकतो. मग होकायंत्र आणि कोनमापकावर भागवावं लागतं. दिलासा पुन्हा हिशेबातूनच मिळतो. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे. बिजागरी थेट त्याच्यावर रोखली, तरी दहा मिनिटांत वाईटात वाईट १०० विकलांच्या आसपास फरक पडतो. ५० मिमीच्या लेन्सला आणि फिल्मला तो जेमतेम चालतो. डिजिटल सेन्सरचे ठिपके त्याहून बारीक, म्हणून तिथे वेळ कमी ठेवायचा आणि बरेच फोटो काढून एकावर एक रचायचे.

गंमत अशी की हौशी मंडळी तिरका आस घराघरांत पोचवत होती, त्याच सुमारास मोठ्या वेधशाळा तो सोडू लागल्या. १९७०च्या दशकाच्या मध्यात सोव्हिएत संघात ६ मीटरची दुर्बीण सुरू झाली ती सरळ उभ्या आसावर. दोन्ही आसांच्या सतत बदलत्या वेगाचं गणित तिथे संगणक करू लागला, आणि शेकडो टनांचा सांगाडा तिरका तोलण्याची गरज संपली. पुण्याहून सुमारे ८० किलोमीटरवर गिरवलीला असलेली आयुकाची २ मीटरची दुर्बीणही त्याच पद्धतीची आहे. तिथे कोडने भूमितीची जागा घेतली.

घरच्या गच्चीवर मात्र अजून भूमितीच स्वस्त पडते. एक बिजागरी, दोन फळ्या, २२८.५ मिमीवर एक भोक, आणि मिनिटाला एक फेरा. पहिल्या फोटोत तारे ठिपक्यांसारखे आले आणि पुढची इमारत पुसट झाली, की समजायचं: फिरणारी कोण आहे ते कॅमेऱ्याला कळलंय.