शिळा, ठसा आणि बिंदू

शिळेवर कोरलेले अक्षर अमर असते, अशी आपली समजूत. बंगळूरचा इतिहास मात्र निराळे सांगतो. राइससाहेबांनी १९०५ साली ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या नवव्या खंडात या जिल्ह्यातील लेख छापले. त्यांतील कित्येक शिळा शहराच्या वाढीत नाहीशा झाल्या. उरली ती छापील पाने. आम्ही राहतो त्या हेब्बाळात २०१८ साली गटार खोदताना गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला, इ. स. ७५० च्या सुमाराचा, कित्तय्या नावाच्या वीराचा वीरगळ सापडला. अशा शिळेचे छायाचित्र छापणे ही केवळ सजावट नव्हे. उद्या तोच पुरावा ठरू शकतो.

छायाचित्र छापण्याची विद्या ही ठिपक्यांची विद्या होय. शाई एक तर उमटते, नाही तर उमटत नाही. करडी छटा तिला ठाऊक नाही. म्हणून जाळीच्या साहाय्याने चित्राचे लहानमोठे ठिपके करावे लागतात. या हाफटोन पद्धतीने न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने ४ मार्च १८८० रोजी छायाचित्र छापले. आपले दादासाहेब फाळके १९०३ साली पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून लागले. ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यास छापखाना काढला. पुढे तेथे हाफटोनचे ब्लॉकही होऊ लागले. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते या ठिपक्यांचेच कारागीर होते.

साधने बदलली, हिशेब तोच राहिला. गुळगुळीत कागदावर इंचास सुमारे १५० रेघांची जाळी असते. डिजिटल चित्रात तिच्या दुप्पट, म्हणजे इंचास ३०० बिंदू असावेत, असा रूढ नियम आहे. सहा इंच रुंद व चार इंच उंच चित्रास १८०० गुणिले १२०० बिंदू लागतात. मोबाइलचा कॅमेरा याहून पुष्कळ अधिक टिपतो. परंतु संदेशातून धाडताना चित्र बहुधा आकसते. ६०० बिंदूंची रुंदी सहा इंचांवर पसरली की इंचास १०० च उरतात. संगणकाने आकडा वाढविता येतो, हरवलेली रेघ परत आणता येत नाही. आणि झिजलेल्या लेखात एका रेघेने नाव बदलते.

बंगळूरच्या मिथिक सोसायटीने अलीकडे शिलालेखांच्या त्रिमित प्रतिमा टिपण्याचे मोलाचे कार्य चालविले आहे. ठिकठिकाणी नेमणुकीवर असलेल्या आमच्या वाचकांसही थोडे करता येईल. तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून चित्र घ्यावे आणि मूळ फाइल जशीच्या तशी पाठवावी. नकलेची नक्कल ग्राह्य नसते, हे कचेरीत जन्म घालविणाऱ्या आपणांस वेगळे सांगावयास नको.