पास नाही, नापासही नाही

औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची ती राजधानी होती. त्याच संस्थानाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी मात्र आता सांगली जिल्ह्यात येते. लोखंडी नांगरांसाठी ओळखला जाणारा तिथला कारखाना पुढे पंपांसाठी नावाजला. पंप बाहेर पाठवण्याआधी टेस्ट बेडवर चालवून बघतात: पाणी किती फेकतो, किती उंचीवर चढवतो, वीज किती खातो. आता ऐन वेळी वीजच गेली तर? पंप पास झाला म्हणता येत नाही, आणि त्याला बाद करणंही अन्यायाचं. ‘वीज नव्हती, चाचणी झाली नाही’ एवढीच नोंद खरी.

सॉफ्टवेअरच्या चाचण्यांत ही तिसरी नोंद रुळायला बरीच वर्षं गेली.

प्रोग्रामर केंट बेक यांनी १९९४ मध्ये स्मॉलटॉक भाषेसाठी ‘एसयुनिट’ ही चाचण्यांची चौकट मांडली. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानातच त्यांनी आणि एरिक गामा यांनी जावासाठी ‘जेयुनिट’ची पहिली बांधणी केली. पडद्यावरची पट्टी हिरवी झाली की पास, लाल झाली की गडबड. एखादी चाचणी तात्पुरती बाजूला ठेवायची तर प्रोग्रामर ती कॉमेंट करून टाकत, नाहीतर तिच्या नावापुढचा ‘टेस्ट’ काढत; कारण जुनं जेयुनिट नावावरूनच चाचण्या हुडकायचं. अशी चाचणी अहवालातून नाहीशी व्हायची आणि पुढे कुणाच्या लक्षातही राहायची नाही.

२००६ मध्ये जेयुनिट ४ सोबत ‘इग्नोर’ची खूण आली. पण ती कोड लिहितानाच लावावी लागे. डेटाबेस चालू आहे का, नेटवर्क आहे का, मशीन विंडोजचं की लिनक्सचं, हे तर चाचणी धावायला लागल्यावरच कळतं. म्हणून २००७ च्या ४.४ आवृत्तीत ‘अझ्यूम’ आलं: अट पुरी होत नसेल तर चाचणीने तिथेच थांबावं. गंमत अशी की थांबलेली चाचणी त्या आवृत्तीत चक्क पास धरली जाई. चाचण्या चालवणाऱ्या, इतरांनी बनवलेल्या रनरमध्ये तिला ‘वगळलेली’ म्हणून दाखवायची सोयच नव्हती. ती पुढच्या आवृत्त्यांत झाली.

युनिक्सच्या जगात याला वेगळी वाट आधीच सापडली होती. पर्लच्या चाचण्या १९८७ पासून ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ अशी साधी ओळ छापत. पुढे त्याच ओळीत ‘स्किप’ आणि कारण लिहायची पद्धत पडली. ऑटोमेक या बांधणीच्या साधनात तर चाचणी ७७ हा आकडा परत देऊन बाहेर पडली की ती वगळली असं समजतात.

पायथॉनच्या मूळ ‘युनिटटेस्ट’मध्ये ही सोय ३.१ (२००९) आणि २.७ (२०१०) या आवृत्त्यांत आली. गो भाषेत १.१ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. सी प्लस प्लसच्या गूगलटेस्टला २०१९ उजाडलं, आणि डॉटनेटच्या एक्सयुनिटने तिसऱ्या आवृत्तीत ‘असर्ट.स्किप’ दिलं.

आतली युक्ती बहुतेक ठिकाणी सारखीच. चाचणी एक खास एक्सेप्शन फेकते, रनर ते पकडतो आणि चुकांत न धरता वेगळ्या खात्यात टाकतो. गूगलटेस्ट मात्र एक्सेप्शन न वापरता फक्त चालू फंक्शनमधून परत फिरतं. त्यामुळे स्किप एखाद्या मदतनीस फंक्शनमध्ये लिहिलं, तर त्याला बोलावणारी चाचणी खुशाल पुढे धावते.

पायथॉनच्या पडद्यावर पास झालेल्या चाचणीचं एक टिंब उमटतं, वगळलेलीचा ‘एस’. पण रांगेत टिंबांबरोबर कितीही ‘एस’ आले आणि एकही चाचणी फसली नाही, तर खाली शेवटी ‘ओके’च येतं, वगळलेल्यांचा आकडा शेजारी कंसात असतो. सर्व्हरवरचा डेटाबेस महिनाभर बंद असला तरी अहवाल हिरवाच.

तेव्हा सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून या धंद्यात पडणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. स्किप लिहिताना सोबत कारण लिहावं. आणि जिथे डेटाबेस असायलाच हवा, त्या बिल्ड सर्व्हरवर तो नसेल तर चाचणी वगळू नये, सरळ नापास करावी.