पद्मिनी जपायची की पळवायची?

ब्रॉसार्डमध्ये डिसेंबर उजाडला की जुन्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा होतात. क्यूबेकच्या कायद्यानुसार १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात गाडीला हिवाळी टायर हवेतच. टायर बदलले तरी बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ पत्र्याला खातं. त्यामुळे हौशी मालक आपली साठ-सत्तरच्या दशकातली गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवतात आणि मे महिन्यात ती पुन्हा उन्हात आणतात. नीट पाहिलंत तर तिच्या नंबरप्लेटची सुरुवात 'व्हीए' या अक्षरांनी होते. 'व्हेइक्यूल आन्सियाँ', म्हणजे फ्रेंचमध्ये जुनी गाडी. पंचवीस वर्षं उलटून गेलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी इथे या वर्गात मोडते.

योगायोग असा, की जुलै २०२१ मध्ये भारत सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली, तेव्हा त्यांच्या नंबरातही 'व्हीए' हीच अक्षरं आली. फरक वयाचा आहे. आपल्याकडे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं व्हावी लागतात. शिवाय अशी गाडी रोजच्या कामासाठी किंवा धंद्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी, असं नियम सांगतो.

म्हणजे या क्षेत्रातला जुना वाद आपल्या कायद्याने एका बाजूने निकालात काढला. वाद तुम्हाला ठाऊक असेल. एक पक्ष म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती तशीच ठेवा; स्क्रूसुद्धा त्याच काळातला हवा. दुसरा म्हणतो, गाडी धावण्यासाठी केली होती. ती न धावता नुसती चकाकत असेल तर ती शोभेची वस्तू झाली. दोन्ही पक्षांत शहाणी माणसं आहेत. पण इतिहास पाहिला तर हा वाद फार जुना नाही, आणि आपल्या मुंबईने त्यात एक वेगळाच प्रश्न उभा केला आहे.

कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचपासून सुरुवात करू. आज तिथलं प्रदर्शन हे निष्कलंक गाड्यांचं सर्वांत मानाचं ठिकाण समजलं जातं. पण १९५० साली ते सुरू झालं ते मोटारशर्यतीला जोड म्हणून. शर्यत जंगलातल्या अरुंद रस्त्यांवर, झाडांच्या मधून व्हायची. १९५६ मध्ये एका चालकाचा झाडावर आदळून मृत्यू झाला, तिथल्या शर्यती थांबल्या आणि पुढच्या वर्षी जवळच्याच लगुना सेका या नव्या ट्रॅकवर गेल्या. प्रदर्शन मात्र हिरवळीवरच राहिलं. पळणं आणि मिरवणं एकाच अंगणात जन्मलं होतं. त्यांची वाटणी झाली ती एका अपघातामुळे. पुढे आयोजकांनाच ते खटकलं असावं. १९९८ पासून प्रदर्शनाआधी गाड्यांची रस्त्यावरची फेरी सुरू झाली, आणि एखाद्या गटात दोन गाड्यांना सारखे गुण पडले तर फेरी पूर्ण करणारीला झुकतं माप मिळतं.

दुसरा प्रसंग लंडनच्या न्यायालयातला, १९९० सालचा. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मांची शर्यत जिंकली होती. नंतरही ती शर्यतींत धावत राहिली. इंजिन बदललं, सांगाडा बदलला, बॉडी बदलली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर भीषण अपघात झाला, त्यात चालक गेला, आणि गाडी पुन्हा नव्याने बांधली गेली. साठ वर्षांनी तिचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला, तेव्हा खरेदीदार म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. १९२९ चं लोखंड तिच्यात फारसं उरलं नव्हतं, हे खरंच होतं. न्यायाधीशांनी तरीही निकाल दिला, की ही अस्सल 'ओल्ड नंबर वन' आहे. तिचा इतिहास कुठेही तुटला नव्हता. प्रत्येक बदल त्याच गाडीच्या आयुष्यात, तिच्या कामाच्या ओघात झाला होता.

आपल्याला हा निकाल नवा वाटायला नको. कोकणातल्या घराची कौलं, वासे, दारं पिढ्यापिढ्यांत बदलतात, तरी घर पणजोबांचंच असतं. ते सलग राहतं ठेवलेलं असतं, म्हणून.

आता मुंबईला येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली, १९६४ मध्ये तिचं '११०० डी' हे मॉडेल आलं, आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि पुढे सलग बाक, त्यामुळे ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने दोघं बसायचे. आपल्यापैकी किती जणांनी सहारला जाताना आपल्या बॅगा तिच्या टपावरच्या कॅरिअरवर दोरीने बांधलेल्या पाहिल्या असतील! परदेशाचा पहिला टप्पा अनेकांनी काळ्या-पिवळ्या पद्मिनीतच पार केला.

या टॅक्सी कुणी जपल्या नाहीत, त्या अक्षरशः राबवल्या. दिवसपाळीचा एक ड्रायव्हर, रात्रपाळीचा दुसरा. पेट्रोलवरून सीएनजीवर आल्या, यांत्रिक मीटर जाऊन इलेक्ट्रॉनिक आले, आतल्या छताला फुलाफुलांचं रेक्झिन लागलं. लंडनच्या न्यायाधीशांची कसोटी लावली तर त्यातली प्रत्येक अस्सल होती.

पण राज्य सरकारने टॅक्सीचं वय आधी २५ वर्षांवर आणि नंतर २०१३ मध्ये २० वर्षांवर आणलं. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी कायद्याने धावू शकली नाही. किमान एक तरी गाडी जतन करा, अशी मागणी मुंबई टॅक्सीमेन्स युनियनने सरकारकडे केली होती.

इथे जरा थांबून हिशेब करा. टॅक्सी म्हणून आयुष्य २० वर्षं. वारसा म्हणून मान्यता ५० वर्षांनी. मधली तीस वर्षं ती गाडी धंद्याच्याही कामाची नाही आणि वारसाही नाही. २००३ ची टॅक्सी कुणी राखलीच, तर तिला 'व्हीए' नंबर मागायला २०५३ उजाडेल. एवढा काळ गाडी झाकून ठेवायला जागा लागते, पैसा लागतो. तो संस्थानिकांच्या रोल्स रॉइसला मिळाला, टॅक्सीवाल्याला कुठून मिळणार? म्हणून 'जपायची की पळवायची' या प्रश्नाआधी मुंबई आपल्याला विचारते, की निवड करायची सोय कुणाच्या गाडीला होती?

माझ्या मते या वादाचं उत्तर आपल्या देवळांनी कधीच शोधून ठेवलं आहे. पंढरपूरला भाविकांच्या पदस्पर्शाने विठ्ठलाच्या पायांची झीज होते, म्हणून वज्रलेप करावा लागतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचं २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याकडून रासायनिक संवर्धन करून घ्यावं लागलं, आणि त्यावरून वादही झाले. स्पर्श थांबवला तर भक्ती कोरडी पडते, थांबवला नाही तर दगड झिजतो. म्हणून आपल्याकडे मूळ मूर्ती गाभाऱ्यात असते आणि पालखीत बसते ती उत्सवमूर्ती. ऊन, पाऊस, धक्के उत्सवमूर्ती सोसते. दोघींची पूजा होते, खोटी कुणीच नसते.

गाड्यांचंही असंच करता येईल. ज्या मॉडेलच्या दोन-चारच गाड्या उरल्या असतील, त्यांतली न रंगवलेली, मूळ पत्र्याची एक गाभाऱ्यात हवी. तिचा रंग, तिचे वेल्ड, तिच्यावरचे पोचे हा दस्तऐवज आहे, आणि नवा रंग मारून तो पुसला जातो. चकाचक करणारा मालकही इतिहास खोडतो, हे आपण विसरतो. बाकीच्या गाड्या मात्र चालल्या पाहिजेत. उभी गाडी सुरक्षित असते हा भ्रम आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि आतून गंज चढतो. पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट होऊन बसतं, रबरी सील सुकून तडकतात, टायर एका जागी चपटे होतात. त्यात आता भारतातल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आहे. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. अधूनमधून चालणाऱ्या गाडीत हे सारं वेळेवर लक्षात येतं, उभ्या गाडीत ते दहा वर्षांनी कळतं.

आणि पळवायची म्हणजे पिळायची नव्हे. पद्मिनीला एक्स्प्रेसवेवर शंभरच्या पुढे रेटण्यात पराक्रम काही नाही. ती त्यासाठी घडलेलीच नव्हती. तिच्या काळात ती जशी चालायची तशी चालवावी: पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, गिअरच्या दांड्याशी थोडी झटापट करत.

चालत्या गाडीबरोबर आणखी एक गोष्ट जिवंत राहते, ती म्हणजे मेकॅनिकचा हात. पद्मिनीचे टॅपेट नुसत्या आवाजावरून जुळवणारे, पॉइंट घासून गाडी सुरू करून देणारे लोक आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांची विद्या कोणत्याही मॅन्युअलमध्ये पुरती उतरलेली नाही. गाडी काचेआड गेली की त्यांचं काम संपतं आणि विद्याही त्यांच्याबरोबर जाते. पत्रा पुन्हा ठोकून बनवता येईल, पण तो कान पुन्हा घडवायला कुणाकडे पाठवणार?

तुमच्यापैकी कुणाच्या नाशिक-पुण्याच्या घरी, पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काकांची फियाट उभी असेल. सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी आता एकेक करून पन्नाशी ओलांडत आहेत, म्हणजे 'व्हीए' नोंदणीचा मार्ग खुला होतोय. या सुट्टीत घरी गेलात तर भंगारवाल्याला आणि रंगाऱ्याला, दोघांनाही थोडं थांबायला सांगा. आधी गाडीचे आहेत तसे फोटो काढा, पोच्यांसकट. आरसी बुक शोधून नीट ठेवा. मग काकांना विचारा, त्यांचा मेकॅनिक कोण होता. तो अजून असेल तर त्याला घरी बोलवा, चहा द्या, बॉनेट उघडायला सांगा, आणि तो काय करतो ते शेजारी उभं राहून फोनवर चित्रित करा. गाडी त्या दिवशी सुरू झाली नाही तरी चालेल.