सांध्याशी झुंज : पोलादी नळीची कुळकथा

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या वायूवर दिवे लागू लागले. रस्त्याखाली ओतीव बिडाचे नळ चालत. घरात, कारखान्यात फिरवायला मात्र बारीक आणि मजबूत नळी हवी होती. ती तयार मिळे फक्त बंदुकीच्या धंद्यात. नेपोलियनशी चाललेली युद्धे १८१५ मध्ये संपली आणि पडून राहिलेल्या बंदुकांच्या नळ्या आटे पाडून एकमेकींना जोडल्या जाऊ लागल्या.

ही नळी लोहार करत. लोखंडी पट्टी तापवायची, सळईभोवती वळवायची आणि कडा हातोड्याने ठोकून सांधायच्या. कष्ट भरपूर, लांबी तोकडी.

१८२५ मध्ये वेडन्सबरी गावच्या कॉर्नेलियस व्हाइटहाउसने या कामातून हातोडाच काढून टाकला. पट्टी पांढरीशुभ्र होईतो तापवून तो ती साखळीच्या ओढीने घंटेच्या आकाराच्या साच्यातून खेचत असे. साच्यात कडा वळून एकमेकींना भिडत आणि दाबानेच जुळत. नळी स्वस्त झाली, लांब झाली.

सांधा मात्र राहिलाच. वाफेचा दाब वाढत गेला तसा बॉयलरमधल्या नळीचा सांधा उकलण्याचा धोकाही वाढला.

उत्तर निघाले जर्मनीतल्या रेमशाइडला, कानशी बनवणाऱ्या माननेसमान घराण्यात. राइनहार्ड आणि माक्स या भावांनी १८८५ च्या सुमारास भरीव पोलादी गोल दोन तिरप्या रुळांमध्ये घातला. दोन्ही रूळ एकाच दिशेने फिरतात. गोल स्वतःभोवती गरगरत पुढे सरकतो. बाहेरून रूळ त्याला सतत चेपतात, त्यामुळे गाभ्यातला धातू क्षणात दाबला जातो, क्षणात ताणला जातो आणि अखेर मधोमध फाटतो. समोर टोकदार खुंटा धरलेला असतो. तो त्या फटीचे गुळगुळीत भोक करतो. बाराशे अंशांच्या आसपास तापलेला लालभडक गोल पाहता पाहता पोकळ होतो. ही जाड, आखूड नळी पुढच्या रुळांवर ताणून लांब आणि पातळ करायची रीतही याच भावांनी काढली.

महाराष्ट्रात हे तंत्र चांगलेच रुजले. अहिल्यानगर, बारामती आणि रायगड जिल्ह्यातले सुकेळी इथे बिनसांध्याच्या नळ्यांचे कारखाने उभे राहिले. तेलविहिरी, बॉयलर आणि हायड्रॉलिक सिलिंडर ही या नळ्यांची मोठी गिऱ्हाइके. बेअरिंगची कडीसुद्धा अशाच जाड नळीचे काप काढून घडवतात.

म्हणून सांध्याची नळी मागे पडली असे नाही. पोलादी पट्टीचे रीळ उलगडत रुळांच्या रांगेतून जाते आणि वळत वळत गोल होते. उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह तिच्या फक्त कडा वितळण्याच्या बेतात आणतो, दोन रूळ त्या दाबून जोडतात, वर आलेला उंचवटा लगेच हत्याराने तासला जातो. हीच ‘ईआरडब्ल्यू’ नळी. सायकलीची चौकट, शेडचे खांब, शाळेचा बाक, सगळीकडे तीच. वितळलेल्या जस्तात बुडवून काढली की ती घराघरातला जीआय पाइप होते.

या पाइपच्या मापात त्याचा इतिहास टिकून आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. पण ‘अर्धा इंची’ पाइप बाहेरून सुमारे २१.३ मिलिमीटर भरतो आणि मध्यम जाडीच्या पाइपचे भोक सोळाच्या आसपास असते. आट्यांसाठी बाहेरचे माप पूर्वीच ठरून गेले. पुढे पोलाद सुधारले, भिंत पातळ झाली आणि भोक आतून मोठे होत गेले. म्हणूनच जाडी बदलली तरी नळजोडणीचे आटे एकमेकांना बसतात.

भारतीय मानक १२३९ नुसार पाइपवर रंगाचा पट्टा असतो : पिवळा हलक्या म्हणजे ‘ए क्लास’चा, निळा मध्यम ‘बी’चा, लाल जाड ‘सी’चा. अर्धा इंचीत या भिंती अनुक्रमे २, २.६ आणि ३.२ मिलिमीटरच्या असतात. दुकानात तिन्ही पाइप वरून सारखेच दिसतात, म्हणून भिंतीत गाडायचा पाइप घेताना भावाआधी पट्ट्याचा रंग पाहावा.