शिष्यांनी चालविलेले संगीत-मासिक : प्रकाशन आणि वितरण यांचा प्रश्न

१

नियतकालिकांचा इतिहास लिहिताना संपादक, लेखक आणि वाङ्मयीन भूमिका यांचा विचार विस्ताराने होतो. अंक वाचकाच्या हाती कोणी आणि कोणत्या मार्गाने पोहोचविला, हा प्रश्न मात्र व्यवहाराचा म्हणून बाजूला सारला जातो. साहित्यविषयक नियतकालिकांच्या बाबतीत ही उपेक्षा एक वेळ क्षम्य ठरेल. संगीतविषयक नियतकालिकांच्या बाबतीत ती क्षम्य नाही. कारण संगीताच्या मासिकास गद्याबरोबर स्वरलिपीही छापावी लागते, आणि स्वरलिपीची निवड ही प्रकाशकाच्या निवडीपासून वेगळी राहत नाही. जो प्रकाशक अंक दूरवर नेतो, तो त्याबरोबर एक लेखनपद्धती, एक परिभाषा आणि पुष्कळदा एक भाषाही नेतो. विद्यार्थ्यांनी किंवा शिष्यवर्गाने काढलेल्या नियतकालिकास भांडवल नसते. त्यामुळे त्यास हा प्रश्न अधिक तीव्रतेने भेडसावतो. प्रस्तुत निबंधात या दृष्टीने विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या शिष्यपरंपरेने चालविलेल्या ‘संगीत कला विहार’ या मासिकाचा आणि त्याच्या पार्श्वभूमीचा विचार केला आहे.

२

पलुसकरांनी (१८७२–१९३१) ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. संगीताचे शिक्षण गुरुगृहातून वर्गात आणावयाचे, तर विद्यार्थ्यांच्या हाती छापील पुस्तक असणे अपरिहार्य होते. म्हणून पाठ्यपुस्तकांची रचना, त्यांचे मुद्रण आणि त्यांची विक्री ही तिन्ही कामे विद्यालयाने स्वतःच्या शिरावर घेतली. लाहोरच्या काळातच ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिकही निघाले. लेखक, मुद्रक, विक्रेता आणि ग्राहक हे सर्व एकाच संस्थेच्या कक्षेत असल्यामुळे मजकुरावर बाहेरच्या कोणाचे नियंत्रण राहिले नाही, हा या व्यवस्थेचा मोठा गुण होय. तिचा दोषही याच गुणात दडलेला होता. संस्थेची आर्थिक स्थिती ढासळली की तिच्या आश्रयाने चाललेले प्रकाशनही निराधार व्हावयाचे. १९०८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या विद्यालयाची वास्तू पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कर्जापायी हातची गेली. ज्या मासिकाचा विक्रेता त्याच्या संस्थेहून निराळा नाही, त्यास अशा आपत्तीत दुसरा आधार उरत नाही.

याच कालखंडात विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचा मार्ग वेगळा होता. ते वकिलीच्या व्यवसायातून संगीतशास्त्राकडे वळले होते. ‘हिंदुस्थानी संगीत-पद्धति’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ मराठीत लिहिला गेला आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सहा भागांत प्रसिद्ध झाली. या ग्रंथांचा उत्तर हिंदुस्थानभर जो प्रसार झाला, त्यात हाथरस येथील ‘संगीत कार्यालय’ या प्रकाशनसंस्थेचा वाटा फार मोठा आहे. काका हाथरसी या नावाने प्रसिद्ध असलेले प्रभुलाल गर्ग यांनी ती १९३२ मध्ये स्थापन केली आणि १९३५ पासून ‘संगीत’ हे हिंदी मासिक चालू केले. कोणत्याही एका घराण्याशी वा विद्यालयाशी बांधलेली नसलेली, केवळ संगीतविषयक ग्रंथांचाच व्यापार करणारी ही संस्था होती. भातखंडे यांच्या ग्रंथांच्या हिंदी आवृत्त्या तिच्यामार्फत दूरदूरच्या विद्यार्थ्यांना मिळू लागल्या. मराठी ग्रंथकाराचे विचार या मार्गाने अखिल भारतीय झाले खरे. पण ते हिंदी भाषेतून झाले, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने विसरता कामा नये.

३

या दोन मार्गांतील भेदाचा परिणाम स्वरलिपीवर कसा झाला, हे पाहणे भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही उद्बोधक आहे. भातखंडे-पद्धतीत मंद्र सप्तकातील स्वराखाली बिंदू देतात आणि तार सप्तकातील स्वरावर बिंदू देतात. पलुसकर-पद्धतीत मंद्र स्वरावर बिंदू येतो, तर तार स्वरावर उभी रेषा येते. म्हणजे अक्षरावरील एकच बिंदू एका पद्धतीत वरचे सप्तक दाखवितो आणि दुसरीत खालचे. उभ्या रेषेचेही तसेच आहे : पलुसकरांची ती तारसप्तकाची खूण, तर भातखंडे यांची तीव्र मध्यमाची. कोमल स्वरासाठी भातखंडे अक्षराखाली आडवी रेषा देतात. पलुसकर-पद्धतीत हलन्तासारखे चिन्ह योजले जाते. चिन्ह आणि त्याचा अर्थ यांचा संबंध केवळ संकेताने ठरतो, या सिद्धान्ताचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

मुद्रणाच्या दृष्टीने पाहिले, तर पलुसकरांची काही चिन्हे देवनागरी खिळ्यांच्या पेटीत आधीच होती. मंद्रासाठी अनुस्वाराचा खिळा चालण्यासारखा होता आणि कोमलासाठी हलन्ताचा. उलट अक्षराखालचा बिंदू हिंदी-उर्दू शब्दांच्या नुक्त्यासाठी हिंदी मुद्रणात लागतो. मराठी मुद्रणात त्याची एरवी गरज पडत नाही. तेव्हा छपाईच्या सोयीचा विचार केला असता मराठी प्रांतात पलुसकर-पद्धतीस निदान काही अनुकूलता होती. असे असूनही भातखंडे-पद्धतीचा प्रसार अधिक झाला. तिची सुलभता हे याचे एक कारण आहेच; परंतु ज्या पद्धतीस परंपरेबाहेरचा, सर्वांना पुस्तके विकणारा विक्रेता लाभला ती पसरली, आणि जी मुख्यतः आपल्याच विद्यालयांतून फिरली ती त्या विद्यालयांच्या मर्यादेत राहिली, हेही कारण तितकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. विनायकराव पटवर्धन यांच्या ‘रागविज्ञान’ या ग्रंथमालेसारखे प्रयत्न झाले नसते, तर गांधर्व परंपरेची लेखनपद्धती याहूनही संकुचित झाली असती.

४

पलुसकरांच्या निधनानंतर १९३१ मध्येच त्यांच्या शिष्यांनी अहमदाबाद येथे एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. गावोगावच्या विद्यालयांना एका अभ्यासक्रमाने आणि परीक्षांनी जोडणे हे त्याचे प्रमुख कार्य होय. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार ही परीक्षांची नावे आज महाराष्ट्रातील संगीताच्या विद्यार्थ्यास परिचित आहेत. ‘संगीत कला विहार’ हे मासिक १९४७ मध्ये निघाले आणि बी. आर. देवधर (१९०१–१९९०) यांनी त्याच्या संपादनाची धुरा वाहिली. येथे कालक्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी संस्था, मग परीक्षा, आणि त्यानंतर मासिक, असा हा क्रम आहे. मासिकास वाचक शोधावा लागला नाही. परीक्षेच्या निमित्ताने तो आधीच नोंदलेला होता. गुरूंची व्यवस्था एका विद्यालयावर अवलंबून होती. शिष्यांची व्यवस्था अनेक विद्यालयांत विभागलेली होती. एखादे केंद्र बंद पडले, तरी मासिकाचा वाचकवर्ग नाहीसा होत नव्हता. व्यापारी प्रकाशकाकडे न जाता दीर्घायुष्य मिळविण्याचा हा उपाय गुरूंच्या अनुभवातील उणीव भरून काढणारा ठरला.

परीक्षार्थी हाच ग्राहक असला म्हणजे मासिक अभ्यासक्रमाचे परिशिष्ट होण्याचा धोका असतो. देवधरांच्या लेखनाने तो बऱ्याच अंशी टाळला. स्वतः पलुसकरांचे शिष्य असूनही त्यांनी अल्लादिया खाँ, बडे गुलाम अली खाँ, सिंदे खाँ अशा अन्य परंपरांतील कलावंतांची चरित्रे आत्मीयतेने लिहिली. ‘थोर संगीतकार’ या ग्रंथाचा उगम या मासिकातील लेखनात आहे. संस्थेचे मासिक संस्थेच्या बाहेर पाहू शकते, याचा हा पुरावा होय. मात्र हे श्रेय संपादकाचे आहे, वितरणव्यवस्थेचे नाही, हा भेद स्पष्ट ठेवणे इष्ट.

५

मराठवाड्यात याच्या तुलनेस योग्य असे उदाहरण संगीताच्या क्षेत्रात नसून साहित्याच्या क्षेत्रात आहे. १९६७ मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात ‘अस्मिता’ या नावाने सुरू झालेले आणि पुढे ‘अस्मितादर्श’ म्हणून गाजलेले त्रैमासिक डॉ. गंगाधर पानतावणे (१९३७–२०१८) यांनी अनेक दशके चालविले. त्याच्यामागे परीक्षा नव्हती, व्यापारी प्रकाशकही नव्हता. लेखक-वाचक मेळाव्यांतून त्याचा वाचक एकत्र आला, आणि पुष्कळदा वाचकच पुढे लेखक झाला. वितरणाचा हा तिसरा मार्ग मानावा लागेल. तो खर्चाचा नाही. पण संपादकाच्या आयुष्यभराच्या श्रमांची त्यास अपेक्षा असते, आणि विद्यार्थी तर दोन-तीन वर्षांत महाविद्यालय सोडून जातो.

या तिन्ही मार्गांची तुलना केली असता असे दिसते की, विद्यार्थ्यांच्या संगीत-नियतकालिकाने प्रकाशक निवडताना केवळ दूरवर विक्री होईल की नाही एवढेच पाहणे पुरेसे नाही. ग्राहकांची यादी कोणाच्या ताब्यात राहणार, विद्यार्थ्यांची एक पिढी गेल्यावर ती दुसरीच्या हाती कशी येणार, आणि प्रकाशकाच्या सोयीसाठी मराठी परिभाषा वा स्वरलिपी सोडावी लागणार काय, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. संगणकावरील अक्षरजुळणीने खिळ्यांची अडचण दूर केली आहे. हे प्रश्न तिने सोडविलेले नाहीत. हाथरसच्या मार्गाने प्रसार झाला, पण भाषा बदलली. लाहोरच्या मार्गाने स्वातंत्र्य राहिले, पण आधार एकच उरला. गांधर्व मंडळाच्या शिष्यांनी या दोहोंमधून जी वाट काढली ती निर्दोष नव्हती. तथापि, आपला वाचक कोण आणि तो कोठे भेटतो हे निश्चित झाल्यानंतरच त्यांनी पहिला अंक काढला, आणि मासिकाच्या टिकाऊपणाचे प्रमुख कारण या क्रमातच शोधावे लागते.